‘हे वर्तन’ म्हणजे कोणतं वर्तन?

ऑगस्ट २०२२मध्ये ग्नू बिनयुटिल्स या अवजारसंचाची (लिंकर त्यातलाच) २.३९ ही आवृत्ती आली आणि लिनक्सवर काम करणाऱ्या असंख्य लोकांच्या पडद्यावर दोन नव्या ओळी उमटायला लागल्या. पहिली अशी : ‘वॉर्निंग : अमुक डॉट ओ : मिसिंग डॉट नोट डॉट ग्नू-स्टॅक सेक्शन इम्प्लाइज एक्झिक्युटेबल स्टॅक’. तिच्या पाठोपाठ दुसरी : ‘नोट : धिस बिहेवियर इज डेप्रिकेटेड अँड विल बी रिमूव्ह्ड इन अ फ्यूचर व्हर्जन ऑफ द लिंकर’. म्हणजे, अमुक फाइलीत एक विभाग नाही, त्याअर्थी स्टॅक चालवण्याजोगा ठरतो. हे वर्तन आता कालबाह्य असून लिंकरच्या पुढल्या एखाद्या आवृत्तीत काढून टाकलं जाईल.

या ओळी ज्याच्यासमोर येतात तो माणूस कोण असतो? बहुतेक वेळा ती फाइल त्याने लिहिलेलीच नसते. त्याने कुठूनतरी एक लायब्ररी उतरवलेली असते, तिच्यात वेगासाठी कुणीतरी हाताने लिहिलेला असेंब्लीचा एक तुकडा असतो आणि हा बिचारा फक्त सगळं एकत्र जोडत असतो. त्याला नोट डॉट ग्नू-स्टॅक हे नाव आयुष्यात पहिल्यांदा दिसतंय. काय बिघडलं, कुणाचं बिघडलं, आज काही करायला हवं की पुढच्या वर्षी केलं तरी चालेल, यातलं काहीच त्या दोन ओळी सांगत नाहीत. लिंकरने आपल्याला काय दिसलं ते सांगितलं आणि हात झटकले.

खरं तर मामला गंभीर आहे, म्हणूनच माझा जीव तुटतो. क्षुल्लक गोष्ट असती तर सोडून दिली असती.

लिंकर म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि बाहेरून आणलेल्या लायब्ररी जोडून त्यांची एक चालणारी फाइल करणारं अवजार. आणि स्टॅक म्हणजे फंक्शन चालू असताना त्याची तात्पुरती माहिती ठेवायची जागा. तिथे माहिती असावी, यंत्राने पाळायच्या सूचना नसाव्यात. सूचना तिथून चालू शकत असतील तर घुसखोराला दार उघडं. १९८८चा मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्राम ज्या वाटांनी पसरला त्यातली एक हीच : फिंगर सेवेला तिच्या बफरमध्ये मावणार नाही एवढा मजकूर पाठवायचा, त्या मजकुरातच यंत्राच्या सूचना दडवायच्या आणि परतीचा पत्ता बदलून यंत्राला त्या सूचनांकडे वळवायचं. १९९६मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकात या युक्तीचा पायरीपायरीने पाठ छापून आला आणि ती सगळ्यांच्या हाती गेली. पुढे प्रोसेसरांत स्मृतीचा एखादा भाग चालवण्याजोगा नाही असं ठरवण्याची सोय आली आणि लिनक्सने प्रत्येक प्रोग्रामच्या फाइलीत स्टॅकबद्दलची खूण ठेवायला सुरुवात केली.

इशाऱ्यातला नोट डॉट ग्नू-स्टॅक हा विभाग म्हणजेच ही खूण. सी किंवा सी प्लस प्लसची फाइल असेल तर जीसीसी हा कंपाइलर ती आपणहून घालतो. हाताने असेंब्ली लिहिणाऱ्याला मात्र ती स्वतः घालावी लागते आणि तो विसरतो. खूण नाही म्हटल्यावर लिंकर जुन्या काळाला धरून चालतो : खूण नाही म्हणजे ही फाइल जुनी असेल, तिला कदाचित चालवण्याजोगा स्टॅक लागत असेल, तर देऊन टाका. इथे कळीची गोष्ट अशी की तो स्टॅक त्या एका फाइलीपुरता सैल होत नाही. पाचशे फाइली नीट असल्या आणि एकीत खूण राहून गेली, तरी अख्ख्या प्रोग्रामचा स्टॅक चालवण्याजोगा होतो. एका विसराळू फाइलीपायी सगळ्या घराची कडी काढली जाते. आणि हे, नेमकं हेच, त्या इशाऱ्यात कुठेही नाही.

उपाय एका ओळीचा आहे. असेंब्लीच्या फाइलीच्या शेवटी ‘.सेक्शन .नोट.ग्नू-स्टॅक,"",@प्रोगबिट्स’ ही ओळ घालायची, झालं. एआरएमवर ‘@’ने शेरा सुरू होतो म्हणून तिथे ‘%’ लिहायचं. लिंकरला हे ठाऊक आहे. ज्याने तो इशारा लिहिला त्याला तर पक्कं ठाऊक आहे. मग सांगायला काय हरकत होती?

आता दुसरी ओळ घ्या. ‘हे वर्तन’ काढून टाकलं जाईल. कोणतं वर्तन? चालवण्याजोगा स्टॅक मिळण्याची सोयच जाणार? की खूण नसताना तो गृहीत धरायची लिंकरची सवय जाणार? की खूण नसलेली फाइल उद्यापासून जोडलीच जाणार नाही? वाक्याची ठेवण पाहिली तर मधला अर्थ जवळचा वाटतो, पण वाचणाऱ्याने ठेवणीवरून अंदाज बांधत बसायचं का? तिन्ही अर्थांची तयारी वेगवेगळी आहे. पहिल्यात ज्याला असा स्टॅक खरोखर लागतो त्याने प्रोग्रामची रचनाच बदलायला हवी. तिसऱ्यात नुसतं बिल्ड अडेल, ते लगेच कळेल. मधल्यात बिल्ड सुरळीत होईल आणि प्रोग्राम चालता चालता कोसळेल, तोही कदाचित ग्राहकाकडे. ज्या एका शब्दावर पुढचं सगळं नियोजन अवलंबून, तिथे सर्वनाम वापरून मोकळं व्हायचं हा हलगर्जीपणा आहे. मी याला दुसरा शब्द वापरणार नाही.

घाटात पाटी असते : पुढे तीव्र वळण आहे, वाहने सावकाश हाका. धोका कुठे आहे आणि तुम्ही काय करायचं, दोन्ही गोष्टी सात शब्दांत. त्याच जागी ‘रस्त्याची सरळ रेषा पुढे खंडित’ असं लिहिलं असतं तर ते खोटं नसतं, पण गाडी दरीत गेली असती.

माझ्या मते तो इशारा असा असायला हवा होता : ‘अमुक डॉट ओ या फाइलीत स्टॅकची खूण नाही, त्यामुळे तुमच्या संपूर्ण प्रोग्रामचा स्टॅक चालवण्याजोगा होत आहे. हल्ला करणाऱ्याला यामुळे सोपं जातं. फाइल तुमची असेल तर तिच्या शेवटी ही ओळ घाला. तुमची नसेल तर तिच्या लेखकाला कळवा. तिला असा स्टॅक लागत नाही याची खात्री असेल तर तोवर लिंकरला -झेड नोएक्झेकस्टॅक हा पर्याय द्या. पुढल्या एखाद्या आवृत्तीपासून, खूण नसेल तर स्टॅक चालवण्याजोगा नाही असं धरलं जाईल.’ सहा वाक्यं. लांब आहे? असू दे. लोकांनी यापायी किती तास घालवले असतील ते पाहता सहा वाक्यं फार नाहीत.

प्रत्यक्षात काय झालं? लोकांनी इशारा शोधयंत्रात टाकला, कुणीतरी दिलेला पर्याय उचलला, मेकफाइलीत चिकटवला आणि पुढे गेले. इशारा गप्प झाला. काहींनी -झेड नोएक्झेकस्टॅक घातला, तो निदान स्टॅकचा धोका तरी बंद करतो. काहींनी --नो-वॉर्न-एक्झेकस्टॅक घातला. तो धोका तसाच ठेवून फक्त बोलणाऱ्याचं तोंड बांधतो. पर्यायांच्या नावांत एका शब्दाचा फरक आणि परिणामांत जमीनअस्मानाचा. शोधून चिकटवणाऱ्याला तो फरक कोण समजावणार? लिनक्स कर्नलच्या मेकफाइलीतही ऑगस्ट २०२२मध्येच पहिला पर्याय आला. तिथे तो विचारपूर्वक आला, कारण ती मंडळी स्टॅक आणि लिंकर दोन्ही कोळून प्यायलेली. तुमच्याआमच्या कंपनीतल्या बिल्डमध्ये तो कसा आला असेल हे वाचकांना सांगायला नको.

आणि मग जानेवारी २०२५. जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीची २.४१ ही आवृत्ती आली आणि तिने ठरवलं की प्रोग्राम चालू असताना डीएलओपनने एखादी लायब्ररी आत घेतली आणि तिला चालवण्याजोगा स्टॅक हवा असला, किंवा तिच्यात ती खूणच नसली, तर यापुढे स्टॅक सैल केला जाणार नाही. लायब्ररी आत घेतलीच जाणार नाही. ‘कॅननॉट एनेबल एक्झिक्युटेबल स्टॅक अ‍ॅज शेअर्ड ऑब्जेक्ट रिक्वायर्स’. काल चालणारी सॉफ्टवेअरं यंत्रणा अद्ययावत केल्यावर आज उघडेनात. निर्णय योग्य होता, मी त्याच्या बाजूचा आहे. हा प्रकल्प लिंकरपेक्षा वेगळा, हेही मान्य. पण जवळजवळ अडीच वर्षं लिंकर ज्या गोष्टीबद्दल ओरडत होता ती हीच. त्याचं ओरडणं समजलं असतं तर निदान काही लायब्ररींच्या लेखकांनी ती एक ओळ वेळेत घातली असती.

आता दुसरीकडे वळू. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर काम करणाऱ्यांकडे. पुणे, पिंपरी-चिंचवड भागात ही मंडळी खूप आहेत. गाड्यांचे सुटे भाग जिथे होतात तिथे त्या भागांतलं सॉफ्टवेअरही होतं. या लोकांना त्याच २.३९ने आणखी एक ओळ भेट दिली : ‘फर्मवेअर डॉट ईएलएफ हॅज अ लोड सेगमेंट विथ आरडब्ल्यूएक्स परमिशन्स’. स्मृतीचा एक भाग असा आहे की जो वाचताही येतो, लिहिताही येतो आणि चालवताही येतो. मोठ्या संगणकावर ही खरी काळजीची गोष्ट. पण ज्या चिमुकल्या चिपवर या परवानग्या पाळायला लावणारी यंत्रणाच नाही, तिथे हा इशारा बहुधा निरर्थक ठरतो. आणि जिथे अर्थ आहे तिथेही तो अपुरा : कोणत्या विभागांमुळे हे झालं, लिंकर स्क्रिप्टमध्ये कुठे पाहायचं, काहीच नाही. फक्त शेवटी तयार झालेल्या फाइलीचं नाव. ते तर मला माहीतच आहे, मीच तयार करायला सांगितली.

त्याच्या जोडीला न्यूलिब या छोट्या यंत्रांसाठीच्या सी लायब्ररीच्या ओळी असतात. ‘_क्लोज इज नॉट इम्प्लिमेंटेड अँड विल ऑलवेज फेल’. मग _रीड, _राइट, _एलसीक, सगळी भावंडं रांगेने. ज्या बोर्डवर फाइल नावाची वस्तूच नाही तिथे फाइल बंद करता येणार नाही, हे ऐकून कुणी घाबरायचं? पण त्या रांगेतली _राइट महत्त्वाची असू शकते, कारण प्रिंटएफ तिच्यातूनच बाहेर पडतं. प्रिंटएफ लिहिलं, सीरियल पोर्टवर काहीच आलं नाही, याचं उत्तर अनेकदा त्या ओळीत असतं. ती ओळ मात्र तिच्या निरुपद्रवी भावंडांत इतकी मिसळून गेलेली असते की तिच्याकडे कुणी पाहत नाही.

आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलीने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, ‘‘सर, हे वॉर्निंग्ज कसले आहेत?’’ टीममधल्या वरिष्ठाने मान वरही न करता सांगितलं, ‘‘ते येतातच गं. बिल्ड झाला ना? मग सोड.’’ तिने सोडलं. काही महिन्यांनी वेगळ्या बोर्डसाठी तिने मेकफाइल नव्याने लिहिली. बिल्ड झाला, बोर्ड सुरूच होईना. केबल बदलली, पॉवर सप्लाय बदलला, डीबगरवर संशय घेतला, शेवटी दुसरा बोर्ड मागवला. पडद्यावर पहिल्या दिवसापासून एक ओळ होती : ‘कॅननॉट फाइंड एंट्री सिम्बॉल रीसेट_हँडलर, डिफॉल्टिंग टू…’ आणि पुढे शून्यांनी भरलेला पत्ता. चिप सुरू झाल्यावर सगळ्यात आधी जी सूचना चालायची ती ज्या फाइलीत असते, ती स्टार्टअपची असेंब्ली फाइल मेकफाइलीत घालायची राहिली होती. त्याच फाइलीत व्हेक्टर टेबल असतं; ते नाही म्हटल्यावर चिपने जायचं कुठे?

या प्रकारात दोष मुलीचा नाही. तिने पहिल्याच आठवड्यात योग्य प्रश्न विचारला होता. दोष वरिष्ठाचा थोडा. पण मुख्य दोष त्या अवजाराचा, ज्याने चार निरर्थक ओळी आणि एक प्राणघातक ओळ एकाच आवाजात, एकाच रंगात, एकाच ‘वॉर्निंग’खाली छापली. प्रोग्रामची सुरुवातच सापडत नाही हे सांगून झाल्यावर लिंकर ‘मी हा पत्ता धरतो’ म्हणत पुढे जातो आणि यशस्वी झालो म्हणून परततो. सूचनेत एवढंच म्हटलं असतं की ‘रीसेट_हँडलर एकाही फाइलीत सापडला नाही, स्टार्टअप फाइल जोडायची राहिली आहे का पाहा’, तर दुसरा बोर्ड मागवावा लागला नसता.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे : लिंकर खालच्या थरावर काम करतो, त्याला मूळ प्रोग्राम दिसत नाही, त्याला नुसती नावं आणि पत्ते दिसतात, तो बिचारा सांगणार काय? हे उत्तर मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि ते मला पटत नाही.

सी प्लस प्लस लिहिणाऱ्या प्रत्येकाने ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू व्हीटेबल फॉर शेप’ ही ओळ पाहिलेली आहे. व्हीटेबल हे काही आपण लिहीत नाही, ते कंपाइलर बनवतो. मग जे मी लिहीतच नाही ते सापडत नाही याला मी काय करू? खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं : क्लासमधल्या पहिल्या व्हर्च्युअल फंक्शनची नुसती घोषणा केलेली असते, व्याख्या लिहायची राहिलेली असते. व्हीटेबल कुठे ठेवायचं ते कंपाइलर त्या फंक्शनवरून ठरवतो, म्हणून त्याला ‘की फंक्शन’ म्हणतात. आता एलएलव्हीएमचा लिंकर, एलएलडी, याच चुकीला काय म्हणतो पाहा. कोणत्या फाइलीतून हे नाव मागितलं गेलं ते सांगतो आणि खाली एक ओळ जोडतो : क्लासमध्ये ‘की फंक्शन’ नसल्यामुळे हे झालं असू शकतं. तोही लिंकरच. त्यालाही नावं आणि पत्तेच दिसतात. फरक एवढाच की कुणीतरी बसून विचार केला : हे नाव ‘व्हीटेबल फॉर’ने सुरू होतंय, म्हणजे माणसाची कोणती चूक झाली असेल? नावात एखादं अक्षर चुकलं असेल तर एलएलडी जवळचं नावही सुचवतो.

फार लांबही जायला नको. जीलिबसीत टेम्पनॅम हे फंक्शन वापरलं तर ग्नूचाच लिंकर म्हणतो : याचा वापर धोकादायक आहे, त्यापेक्षा एमकेएसटेम्प वापरा. धोका आणि पर्याय, एका ओळीत. तो मजकूर लिंकरचा नसतोच. लायब्ररीच्या लेखकाने तो फाइलीच्या एका खास विभागात ठेवलेला असतो आणि लिंकर तो जसाच्या तसा वाचून दाखवतो. _क्लोजच्या ओळीही त्याच मार्गाने येतात. अवजार तेच, सोय तीच. एकाने तिच्यात उपयोगाचं वाक्य ठेवलं, दुसऱ्याने नाही.

‘थर खालचा आहे’ ही सबब इथेच संपते.

कंपाइलरवाल्यांनी हा प्रवास केव्हाच केला. क्लँगने चूक नेमकी कुठे आहे ते बाण काढून दाखवायला सुरुवात केली, २०१३मध्ये जीसीसी ४.८ त्याच वाटेने गेला. एल्म या भाषेने २०१५मध्ये माणसाला समजेल अशा भाषेत संदेश लिहून दाखवले. रस्ट या भाषेने २०१६मध्ये आपल्या चुकांच्या संदेशांची मांडणी नव्याने केली. पण रस्टमध्येही लिंकरशी गाठ पडली की तो समजूतदार आवाज थांबायचा : ‘लिंकिंग विथ सीसी फेल्ड’ आणि त्यानंतर पडदा भरून वाहणारी लांबच लांब कमांड, जिच्या तळाशी खरं कारण दडलेलं. अलीकडच्या आवृत्त्यांत रस्टने ती कमांड आखूड केली, बरं झालं. तळाशी असलेलं लिंकरचं वाक्य मात्र लिंकरचंच राहिलं.

मेकची गोष्ट तर सगळ्यांत बोलकी. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक हे बिल्ड करणारं अवजार लिहिलं. मेकफाइलीत कृतीची ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी हा नियम तेव्हाच पडला. चूक आहे हे त्यांना लवकर कळलं होतं, पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते आणि त्यांना त्रास नको म्हणून तो तसाच राहिला, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. त्या डझनभरांच्या सोयीसाठी आजही टॅबऐवजी स्पेस दिली की मेक म्हणतं, ‘मिसिंग सेपरेटर. स्टॉप.’ कोणता सेपरेटर? कशापासून कशाला वेगळं करणारा? नवख्या माणसाने हे वाचून टॅबपर्यंत पोचायचं म्हणजे दैवाचीच साथ हवी.

ग्नू मेकच्या कुणा लेखकाला हे खटकलं. त्याने संदेशात कंसात भर घातली : आठ स्पेसऐवजी टॅब म्हणायचं होतं का? मूळ प्रोग्राममध्ये या जागी एक शेराही आहे, त्याचा आशय असा की उगाच विद्वत्तेच्या मनोऱ्यात बसून राहायचं कारण नाही, ही चूक इतकी नेहमीची आहे की तपासून सांगूया. तो शेरा वाचून मला मनापासून बरं वाटलं. लोक कुठे अडखळतात ते कुणीतरी पाहिलं आणि तो त्या जागी येऊन उभा राहिला.

पण तपासणी आठ स्पेसचीच. जुन्या टर्मिनलवर टॅब आठ घरं पुढे जायचा, म्हणून आठ. आजचे एडिटर दोन किंवा चार स्पेस घालतात. मी पाहिलेल्या आवृत्त्यांत चार स्पेस दिल्या की तोच जुना कोरडा ‘मिसिंग सेपरेटर’. म्हणजे मदत लिहिलेली आहे आणि ज्याला हवी त्याच्यापर्यंत ती पोचत नाही. ही दुरुस्ती दोनचार ओळींची आहे.

संदेश बदलायला घाबरण्याचं एक खरं कारण आहे आणि ते नाकारून चालणार नाही. बिल्डची कितीतरी अवजारं, आयडीई, तपासणीच्या स्क्रिप्टा या ओळींचा मजकूर शब्दशः शोधतात. शब्द बदलला की कुणाचंतरी मोडतं. पण पहिली ओळ जशी आहे तशी ठेवून खाली दुसरी जोडायला कुणाची आडकाठी आहे? एलएलडीने तेच केलं. ग्नूच्या लिंकरने तर ‘नोट’ म्हणून दुसरी ओळ छापलीच होती. जागा मिळाली होती, ती ‘हे वर्तन’ लिहिण्यात घालवली.

ही अवजारं सांभाळणारी माणसं थोडी आहेत, सगळ्या जगाचा भार त्यांच्या खांद्यावर आहे, याची मला पुरती जाणीव आहे. त्यांनीच २०२२मध्ये हा धोका उघडा केला, नाहीतर तो अजून झाकलेलाच राहिला असता. म्हणूनच सांगतो : संदेशाचं वाक्य हाही प्रोग्रामचाच भाग आहे. प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीची तपासणी होते, तशी त्या वाक्याचीही व्हावी. ज्याने ती फाइल लिहिलेली नाही, ज्याला तो विभाग ठाऊक नाही, अशा एखाद्याला ते वाचायला द्यावं आणि विचारावं : आता तू काय करशील? उत्तर आलं नाही तर वाक्य परत पाठवावं. पी. जे. ब्राउन यांनी १९८३मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मध्ये लिहिलेल्या लेखाच्या मथळ्यातच चुकांच्या संदेशांना दुर्लक्षित प्रांत म्हटलं होतं. लोक वाचतच नाहीत, असा बचाव करणाऱ्यांसाठी २०१७चा एक अभ्यास आहे : प्रोग्रामरांच्या नजरेचा माग घेतल्यावर दिसलं की कामाच्या वेळेतला १३ ते २५ टक्के भाग ते संदेश वाचण्यात घालवतात. आणि ते वाचणं प्रोग्राम वाचण्याइतकंच कठीण जातं. लोक वाचतात हो. कळत नाही म्हणून सोडतात.

आता आपल्याकडचं. पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला टू-पास असेंब्लर लिहायचं असाइनमेंट असतं. आयआयटी मुंबईत शिकवलेल्या ध. म. धामधेरे यांचं सिस्टिम्स प्रोग्रामिंगचं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या या विषयाला लावलेलं. पहिल्या फेरीत सिम्बॉल टेबल भरायचं, दुसऱ्या फेरीत यंत्राचा कोड काढायचा. जे लेबल वापरलं पण कुठेच लिहिलं नाही, ते पहिल्या फेरीच्या मध्यात कळत नाही, कारण ते पुढे येणार असेल, शेवटी कळतं. आणि तेव्हा मुलांचा प्रोग्राम काय छापतो? ‘एरर’. किंवा ‘सिम्बॉल नॉट फाउंड’. ओळ क्रमांक नाही, कारण तो टेबलात ठेवलाच नव्हता. कोणता सिम्बॉल तेही कधीकधी नाही. गुण मिळतात ते शेवटचा कोड बरोबर आला की. चुकलेली फाइल देऊन पाहायची पद्धतच नाही. इथे तयार झालेली मुलं पुढे कंपन्यांत जाऊन अवजारं लिहितात आणि तिथेही ‘एरर’च छापतात.

टेबलात एक रकाना वाढवायचा आहे, सिम्बॉल पहिल्यांदा कोणत्या ओळीवर दिसला त्याचा. मग त्याच मुलांचा प्रोग्राम सांगू शकेल : ‘ओळ १४ : लूप१ हे लेबल वापरलं आहे, पण कुठेच लिहिलेलं नाही. ओळ ९वर लूप आहे. तेच म्हणायचं होतं का?’ हे लिहायला एक संध्याकाळ पुरते. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी बरोबर चालणारा नमुना पाहण्याआधी मुद्दाम बिघडवलेली एक फाइल द्यावी आणि पडद्यावर जे उमटेल ते शेजारच्या बॅचमधल्या, हा प्रोग्राम कधी न पाहिलेल्या मुलाला वाचायला द्यावं. त्याला चूक सापडली तर लिहिणाऱ्याला पूर्ण गुण. नाही सापडली, तर कोड कितीही बरोबर असला तरी असाइनमेंट परत.